रास्त्रेल्लीचा अभ्यास करताय? आधी गादीवर कोण होतं ते लिहून काढा

वास्तुकलेच्या इतिहासात बरोक या भपकेबाज, नक्षीदार युरोपीय शैलीवर प्रबंधिका करायची होती, म्हणून मी अठराव्या शतकातला रशियाच्या दरबाराचा वास्तुकार रास्त्रेल्ली घेतला आणि पहिले दोन महिने खांब आणि सोनेरी नक्षी बघण्यात घालवले. हाती काही लागेना. मग एका कागदावर डावीकडे रशियाच्या गादीवर कोण ते लिहिलं, उजवीकडे त्याची कामं. तिथून विषय उलगडायला लागला.

इटालियन शिल्पकाराचा हा मुलगा 1700 मध्ये पॅरिसला जन्मला. झार पीटर द ग्रेटने वडिलांना बोलावलं, म्हणून 1716 मध्ये तोही सेंट पीटर्सबर्गला आला. पुढे राणी अण्णाच्या मर्जीतल्या बिरोनसाठी त्याने 1736 मध्ये रुंडालेचा राजवाडा बांधायला काढला. तो आज लाटवियात आहे. 1740 मध्ये अण्णा वारली, बिरोनला अटक झाली, काम ठप्प.

पुढे रशियाच्या गादीवर आलेल्या एलिझाबेथच्या काळावर मात्र सावकाश थांबा. बाईंची हौस दांडगी. सेंट पीटर्सबर्गच्या स्मोल्नी मठाच्या चर्चला तिने रशियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाच्या रीतीचे पाच घुमट मागितले. परक्या मुलखातल्या वास्तुकाराने ते आपल्या शैलीत कसे बसवले, हे नकाशापेक्षा त्या काळच्या लाकडी प्रतिकृतीवरून चांगलं कळतं. सेंट पीटर्सबर्गजवळच्या त्सार्स्कोये सेलो राजवाड्यातल्या एका दालनाला अंबरचे (झाडाच्या डिंकाच्या जीवाश्माचे) तक्ते पुरेनात, तर मधे आरसे बसवले. मला त्याची सगळ्यात आवडलेली युक्ती हीच. पाडलेल्या इमारतीही यादीत घ्या: एलिझाबेथचा लाकडी उन्हाळी महाल 1797 मध्ये गेला.

तारखांनी मला रडवलं. एलिझाबेथचा मृत्यू कुठे डिसेंबर 1761, तर कुठे जानेवारी 1762. दोन्ही बरोबर! रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग होतं, आजच्या पंचांगापेक्षा काही दिवस मागे चालणारं. प्रत्येक तारखेपुढे पंचांग लिहून ठेवा.

1754 मध्ये बांधायला घेतलेला हिवाळी राजवाडा एलिझाबेथला पुरा झालेला बघायला मिळाला नाही. 1762 मध्येच कॅथरीन गादीवर आली. तिला हा झगमगाट नकोच होता. 1763 मध्ये रास्त्रेल्लीला वर्षाला हजार रूबल पेन्शन देऊन मोकळं केलं.

बहुतेक विद्यार्थी इथे वही मिटतात. पण त्याच कॅथरीनने बिरोनला त्याची जहागीर परत दिली होती. 1764 मध्ये रुंडालेचं अडलेलं काम पुन्हा निघालं, आणि त्यासाठी बोलावणं आलं ते रास्त्रेल्लीलाच.