गाडीला कॅमेरा लावायचाय? आधी माउंटचं बघा

जून लागला की ऑफिसातली पोरं एकेक करून विचारायला येतात, दादा या रविवारी ताम्हिणीला चाललोय, बाईकला कॅमेरा लावायचाय, कुठला घेऊ. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, कशासाठी लावायचाय? कारण गाडीवरच्या कॅमेऱ्याची कामं दोन आहेत आणि दोन्ही एकाच कॅमेऱ्याकडून नीट होत नाहीत. घाटातलं धुकं, धबधबे, पुढे चाललेली मित्रांच्या गाड्यांची लाईन हे सगळं घरी येऊन बघायचं असेल, व्हिडीओ बनवायचा असेल तर ॲक्शन कॅमेरा, म्हणजे हेल्मेटला किंवा गाडीला लावायचा छोटा दणकट कॅमेरा. आणि नवले पुलाच्या उतारावर किंवा कर्वे रोडच्या सिग्नलला कोणी येऊन ठोकलं तर नक्की काय झालं ते दाखवायला पुरावा हवा असेल तर डॅशकॅम, म्हणजे गाडीच्याच बॅटरीवर सतत रेकॉर्ड करत राहणारा कॅमेरा. ॲक्शन कॅमेऱ्याची बॅटरी ४केमध्ये, म्हणजे जास्त बारकावे टिपणाऱ्या मोठ्या व्हिडीओला, तास-दीड तासात संपते, रोज ऑफिसला जाताना तो चार्ज करून, लावून, चालू करून निघणं पहिले चार दिवस होतं, पाचव्या दिवशी तो कपाटात जातो आणि जे व्हायचं ते नेमकं त्याच दिवशी होतं. डॅशकॅम चावी फिरवली की आपोआप सुरू होतो, पण त्याचं फुटेज बघायला काही खास नसतं.

ॲक्शन कॅमेऱ्यात गोप्रो, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन आणि इन्स्टा३६० ही तीन नावं तुम्ही ऐकली असतीलच, आणि खरं सांगतो, दिवसाच्या उजेडात यांच्यातला फरक मोबाईलच्या स्क्रीनवर फारसा कळत नाही. मी आधी बघतो ते माउंटवर, म्हणजे कॅमेरा गाडीला किंवा हेल्मेटला धरून ठेवणाऱ्या भागावर, कॅमेरा चढवायला-उतरवायला किती सोपा आहे, कारण चहाला थांबलं की कॅमेरा काढून खिशात टाकावा लागतो आणि दर वेळी स्क्रू फिरवत बसलं तर कंटाळा येतो. ऑस्मो ॲक्शनची मॅग्नेटची चकती या बाबतीत फार सोयीची वाटली मला. नंतर बघतो ते बटन किती मोठं आहे, कारण स्क्रीन ओल्या ग्लोव्ह्जनी चालत नाही, आणि मग बॅटऱ्या सहज मिळतात का ते. चारही बाजू एकदम टिपणारा दोन लेन्सवाला ३६० कॅमेरा ज्यांना व्हिडीओ एडिट करायची आवड आहे त्यांनीच घ्यावा, फ्रेम घरी आल्यावर ठरवता येते हे खरंय पण तासाभराच्या राईडवर रात्रभर बसावं लागतं आणि त्याच्या बाहेर आलेल्या लेन्सवर एक खडा उडाला की चरा पडलाच.

मोबाईलच हँडलला लावून शूट करतो म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की नको. चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात लेन्स हलवून फोटो स्थिर करणारी बारीक यंत्रणा असते आणि इंजिनच्या सततच्या व्हायब्रेशननी ती खराब होऊ शकते, ॲपलनी सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच आयफोनबद्दल असा इशारा दिला होता.

आता माउंट. माझं ठाम मत आहे की कॅमेऱ्यावर पाच हजार कमी घाला पण माउंट चांगला घ्या, कारण साधा कॅमेरा चांगल्या माउंटवर चांगलं काम करतो आणि महागडा कॅमेरा वाईट माउंटवर रस्त्यावर पडतो. फुल फेस हेल्मेटच्या हनुवटीवर लावायचा चिन माउंट हा माझ्या मते सगळ्यात उत्तम. एक तर आपलं शरीरच शॉकॲब्सॉर्बरचं काम करतं, गाडीचं व्हायब्रेशन मानेपर्यंत येईतो बरंचसं मरतं. दुसरं म्हणजे आपण जिकडे बघतो तिकडे कॅमेरा बघतो आणि खाली हँडल, मीटर, आपले हात दिसतात त्यामुळे बघणाऱ्याला गाडीवर बसल्यासारखं वाटतं. हेल्मेटच्या डोक्यावर किंवा कानापाशी लावलेला कॅमेरा वाऱ्याला अडतो, ६०-७० च्या पुढे मान ओढली जाते, शिवाय पडलो तर तो कशात तरी अडकण्याची भीती. आणि कोणी कितीही सांगितलं तरी हेल्मेटला ड्रिल मारू नका. त्याच्यावर आयएसआयचा शिक्का असतो तो अखंड कवचाला, भोक पडलेल्या कवचाला नाही.

चिकटवण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण कॅमेरे पडतात ते इथेच. माझा पहिला कॅमेरा जुन्या कात्रज घाटात पडला. सकाळी सहाला पार्किंगमध्ये उभं राहून माउंट चिकटवला, साडेसहाला निघालो, बोगद्याच्या पुढे एका स्पीडब्रेकरला टक् असा आवाज आला आणि आरशात बघतो तर कॅमेरा रस्त्यावर आणि मागून टेम्पो. टेम्पोवाल्यानी वाचवला, गाडी बाजूला घेऊन हात दाखवून थांबला, त्याचे उपकार आहेत. चूक अशी होती की माउंटखाली जी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप असते तिच्या गोंदाला पूर्ण पकड घ्यायला वेळ लागतो. ३एम कंपनीची व्हीएचबी टेप असेल तर २० मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण यायला ७२ तास. म्हणजे रविवारी सकाळी जायचं असेल तर बुधवारी रात्रीच चिकटवून ठेवायचं.

कसं चिकटवायचं ते सांगतो. हेल्मेटचा तो भाग आधी साबणाच्या पाण्यानी पुसा, वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनी पुसा, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लॅस्टिकचं कवच त्यानी आतून कमजोर होतं आणि वरून दिसत पण नाही. पुसल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. टेपचा कागद काढायच्या आधी माउंट नुसता धरून बघा की त्याचा वाक हेल्मेटच्या वाकाशी जुळतो का, कडेनी नखाएवढी जरी फट दिसली तर तो माउंट त्या हेल्मेटसाठी नाही. मग चिकटवून अंगठ्यानी मधून कडेकडे अर्धा मिनिट चांगलं दाबायचं. डिसेंबरात पहाटे १० डिग्रीच्या खाली हे करू नका, थंडीत गोंद धरत नाही, घरात करा. आणि शेवटी दोरी, म्हणजे टेदर. कॅमेऱ्याच्या फ्रेमला एक बारीक मजबूत दोरी बांधून दुसरं टोक हेल्मेटच्या पट्ट्याच्या रिंगला, पण इतकी आखूड की कॅमेरा सुटला तरी लोंबकळून व्हायझरसमोर येणार नाही.

अँगल मात्र गाडीवर बसूनच सेट करायचा. घरात आरशासमोर उभं राहून केला की हमखास चुकतो, कारण गाडीवर मान थोडी पुढे झुकते आणि सगळ्या व्हिडीओत नुसती पेट्रोलची टाकी येते. जॅकेट घाला, हेल्मेट चढवा, हँडल धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी ॲपमध्ये बघायला सांगा. हँडल आणि मीटर फ्रेमच्या खालच्या पाव भागात, क्षितिज मध्याच्या जरा वर. जमलं की माउंटच्या सांध्यावर मार्करनी एक बारीक रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी रेघेला रेघ जुळवली की काम झालं.

हँडलला किंवा क्रॅशगार्डला लावायचा असेल तर व्हायब्रेशनचं समजून घ्या. सिंगल सिलेंडर इंजिन ४००० आरपीएमला फिरतं तेव्हा सेकंदाला साधारण ६६ हादरे बसतात. कॅमेऱ्याचा सेन्सर फ्रेम एका झटक्यात घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत येतो, आणि तेवढ्या वेळात कॅमेरा वर-खाली होऊन गेलेला असतो, म्हणून चित्र जेलीसारखं थरथरतं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन खड्ड्यांचे मोठे धक्के घेतं, हे बारीक थरथरणं त्याला जमत नाही. त्यामुळे प्लॅस्टिकच्या क्लॅम्पऐवजी मेटलचा घ्या, मधला दांडा जितका आखूड तितका चांगला, आणि क्लॅम्पच्या आत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. पाईपची जाडी मोजून मगच क्लॅम्प घ्या, बऱ्याच गाड्यांच्या हँडलचा पाईप २२ मिलिमीटरचा असतो पण काहींचा मध्याला २८ चा असतो. लावून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, क्लचची केबल कुठे अडत नाही ना, इंडिकेटर झाकला जात नाही ना.

सेटिंगमध्ये फार डोकं घालवू नका. ४के, सेकंदाला ३० फ्रेम, स्टॅबिलायझेशन चालू, एवढं दिवसा पुरतं. रात्री शहरात मात्र एक गोष्ट नक्की करा, कॅमेऱ्यात अँटी फ्लिकर (दिव्यांचं लुकलुकणं टाळायचं सेटिंग) ५० हर्ट्झवर ठेवा आणि २५ किंवा ५० फ्रेमनी शूट करा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि ३० किंवा ६० फ्रेमला लक्ष्मी रोडवरच्या दुकानांच्या पाट्या व्हिडीओत लुकलुकत राहतात. मेमरी कार्ड व्ही३० लिहिलेलं, म्हणजे ४के रेकॉर्डिंगला पुरेल इतक्या वेगाचं घ्या, ओळखीच्या दुकानातून आणि बिलासकट, डुप्लिकेट खूप फिरतात. हिशोब सोपा आहे, सेकंदाला ६० मेगाबिटनी रेकॉर्ड केलं तर तासाला २७ जीबी, म्हणजे १२८ चं कार्ड साडेचार तास जातं. आवाज हवा असेल तर छोटा माईक हेल्मेटच्या आत गालाच्या पॅडमागे बसवा, बाहेरच्या माईकवर ५० च्या पुढे फक्त वारा ऐकू येतो.

आता डॅशकॅम. बाईकसाठी जो मिळतो त्यात पुढची-मागची लेन्स वेगळी आणि रेकॉर्डिंगचा डबा सीटखाली असा घ्या, आणि लेन्सला आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) लिहिलेलं बघा. पुढची लेन्स हेडलाईटच्या खाली, मागची नंबरप्लेटच्या वर पण प्लेट न झाकता आणि सायलेन्सरपासून लांब. वायरिंग नाना पेठेत करून मिळतं पण समोर उभं राहून करून घ्या. मी गेलो तेव्हा इलेक्ट्रिशियन म्हणाला, साहेब, हेडलाईटची वायर सोलून जोड मारतो, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, दादा, वेळ लागू दे पण वायर कापायची नाही. कापलेल्या वायरवर वॉरंटीला कंपनी हात वर करू शकते आणि पावसात तोच जोड सगळ्यात आधी कुजतो. चावीनंतर चालू होणारी लाईन शोधून तिथे फ्यूज टॅप (वायर न कापता फ्यूजच्या जागी बसणारा जोड), त्याला स्वतंत्र छोटा फ्यूज, जोडांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि वायर टाकीखालून नेताना हँडल वळल्यावर ताणली जाणार नाही इतकी ढील. पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही रेकॉर्ड करायची सोय, बंदच ठेवा. ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ५ वॅट खाणारा कॅमेरा दहा तासांत तिला झोपवतो, सकाळी स्टार्टर मारला तर नुसता टिक टिक आवाज.

डॅशकॅममधलं जे सेटिंग कोणी सांगत नाही ते जी-सेन्सरचं, म्हणजे धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचं. धक्का बसला की ती फाईल लॉक करायची, पुसायची नाही, अशी सोय असते. पण ती कारच्या हिशोबानी बनवलेली असते आणि सिंहगड रोडच्या खड्ड्यांना ती दर दोन मिनिटांनी अपघात समजते, मग कार्ड लॉक फाईलींनी भरतं. सेन्सर सगळ्यात कमीवर ठेवा आणि काही झालं तर स्वतः बटन दाबून फाईल लॉक करायची सवय लावा. मला एकदा सिग्नलला उभा असताना मागून कारनी ढकललं, मी पडलो, गुडघ्याला लागलं, आणि त्या गडबडीत गाडी चालूच राहिली आणि पुढचे तीन दिवस तशीच ऑफिसला नेली. चौथ्या दिवशी फुटेज काढायला बसलो तर लूपमध्ये, म्हणजे कार्ड भरलं की जुनं पुसत जातं तसं, त्यावरून नवीन रेकॉर्डिंग झालेलं. तेव्हापासून ठरवलंय, काही झालं की आधी गाडी बंद, मग कार्ड बाहेर. पोलिसांकडे किंवा इन्शुरन्सला द्यायची वेळ आली तर मूळ फाईल तशीच ठेवा, कापू नका, व्हॉट्सॲपवर पाठवलेली दबलेली कॉपी मूळ धरू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलचं हॅश व्हॅल्यूही (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा, तिच्यावरूनच काढलेला कोड) लिहावं लागतं, म्हणून कार्डसुद्धा जपून ठेवा.

पुण्यात अजून एक लक्षात ठेवायचं. खडकीतल्या दारूगोळा कारखान्याचा परिसर, खडकवासल्याला एनडीए, लोहगावचा एअरफोर्सचा भाग इथे शूटिंगला मनाई असल्याच्या पाट्या असतात. पाटी दिसली की कॅमेरा बंद करून लेन्स खाली वळवा, गेटवरच्या जवानानी येऊन विचारायची वेळ येऊ देऊ नका.

पावसात कॅमेऱ्याचं दार नीट लागलंय का बघा, पॉवरबँकची वायर लावायला दार उघडं ठेवलं की वॉटरप्रूफपणा संपला. लेन्सवरचा थेंब बोटानी पुसू नका, तेलकट डाग राहतो आणि पुढचा अर्धा तास सगळं धूसर येतं, खिशात झिपलॉकमध्ये एक कोरडा मायक्रोफायबर ठेवा. उन्हाळ्यात उलटा त्रास, एप्रिलमध्ये सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की वारा बंद होतो आणि कॅमेरा तापून बंद पडतो, त्यामुळे शहराबाहेर पडल्यावरच रेकॉर्डिंग चालू करा. आणि दर चहाच्या थांब्याला कॅमेरा चिमटीत धरून एकदा हलवून बघा, सांधा जरा जरी सरकला तर तिथेच स्क्रू आवळा, छोटा पाना किल्लीच्या जुडग्यातच लावून टाका.