ख्रिस्त कोणासाठी मेला? वाद घालताना या चुका टाळा

बायबल अभ्यासात हा प्रश्न निघाला की लगेच दोन तट पडतात. एक जण 1 योहान 2:2 वाचतो (ख्रिस्त सगळ्या जगाच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे), दुसरा योहान 10:15 (मी मेंढरांसाठी आपला प्राण देतो), आणि आवाज चढतात. बहुतेक वेळा समोरच्याने न मांडलेलंच मत आपण खोडत बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘मर्यादित प्रायश्चित्त’ (ख्रिस्त देवाने तारणासाठी निवडलेल्यांसाठीच मेला, हे मत) ऐकलं की ख्रिस्ताच्या रक्ताचं मोल कमी लेखलं, असं समजणं. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने (1618–19) कॅल्विनवादी, म्हणजे जॉन कॅल्विनच्या शिकवणीच्या परंपरेतली, भूमिका कलमांत मांडली. तिच्या दुसऱ्या प्रकरणातलं तिसरं कलम उघडून बघा. हे मरण अनंत मोलाचं आहे, सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरेल, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. पाचवं कलम सुवार्ता भेदभाव न करता सर्वांना सांगा म्हणतं. मर्यादा येते आठव्या कलमात, आणि ती मोलाला नाही, देवाच्या हेतूला आहे: या मरणाचं तारणदायी फळ निवडलेल्यांना मिळावं. वाद घालायचाच तर या कलमावर घाला.

उलट बाजूलाही असाच अन्याय होतो. आर्मिनियन, म्हणजे याकोब आर्मिनियसची शिकवण मानणारे, ‘सगळेच तरतील’ म्हणणारे नव्हेत. त्यांच्या 1610 च्या निवेदनात ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं आहे, पण क्षमा विश्वास ठेवणाऱ्यालाच मिळते, हेही त्याच कलमात आहे.

सगळे कॅल्विनवादी एकाच साच्यातले, हाही गैरसमज. ख्रिस्त एका अर्थी सर्वांसाठी मेला असं मानणारे जॉन डेव्हनंट खुद्द डॉर्टमध्ये इंग्लंडचे प्रतिनिधी म्हणून बसले होते.

वचनं वापरताना घाई नको. इफिस 5:25 म्हणतं, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं. यावरून ‘इतरांसाठी नाही’ हे आपोआप सिद्ध होत नाही. गलती 2:20 मध्ये पौल ‘माझ्यासाठी’ म्हणतो, म्हणून काय एकट्या पौलासाठी? तसंच ‘जग’ शब्द दिसला की प्रत्येक माणूस, असंही धरून चालत नाही. 2 पेत्र 2:1 मात्र मला कॅल्विनवाद्यांसाठी खरंच अवघड वाटतं: विकत घेणाऱ्या स्वामीलाच नाकारणारे खोटे शिक्षक तिथे आहेत, म्हणजे नाश होणाऱ्यांसाठीही तो मेला असं दिसतं. ते वचन टाळू नका.

आणि कोणी रडत विचारलं, ‘माझ्यासाठी मेला का तो?’ तर त्याला निवडीचा हिशेब मांडायला लावू नका. डॉर्टही तसं सांगत नाही. मत्तय 11:28 (कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या) काढा आणि त्याच्यासोबत वाचा.