सायलेन्सरला हात लावण्याआधी: बाईक ट्यूनिंग शिकायला येणाऱ्यांसाठी

बाईकच्या सायलेन्सरचं काम शिकायला येणारी बहुतेक मुलं आवाजाच्या ओढीने येतात. मलाही याच ओढीने आयटीआयनंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणलं. शेजारी लेथवाले, समोर फाउंड्री, हवा तो बुश दुपारपर्यंत करून मिळायचा. शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. तिथे वर्षानुवर्षं काम करून एक गोष्ट मनात पक्की झाली आणि नव्या माणसाला मी तीच आधी सांगतो. सायलेन्सर कापणं हे वेल्डिंगचं काम आहे, ते काही महिन्यांत जमतं. कापल्यावर इंजिनला पेट्रोल किती लागेल हे ठरवणं म्हणजे ट्यूनिंग, आणि धंदा त्याच्यावर उभा राहतो. म्हणून शिकण्याचा क्रम उलटा ठेवा: आधी पेट्रोल, मग सायलेन्सर.

पण कापायला नंतर शिकायचं असलं, तरी सायलेन्सर आतून कसा असतो ते आधी बघायला हवं, म्हणून सुरुवात भंगारापासून करा. एखाद्या जुन्या कम्युटर गाडीचा गंजलेला मफलर, म्हणजे सायलेन्सरच, भंगारवाल्याकडून वजनावर घ्या आणि ग्राइंडरने लांबीच्या दिशेने उभा फाडा. आत आडव्या पट्ट्या दिसतील, त्यांना बॅफल म्हणतात. त्यांच्यामुळे दोन-तीन खोल्या तयार होतात आणि त्या छोट्या नळ्यांनी जोडलेल्या असतात. गॅस पुढच्या खोलीतून थेट मागे जात नाही. एका नळीतून जातो, वळून पुढे येतो, मग दुसऱ्या नळीतून बाहेर पडतो. या वळणांमध्ये आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात. काही मफलरमध्ये भोकं पाडलेल्या नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते, ती आवाज शोषून घेते. बऱ्याच गाड्यांत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी सापडेल. ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. पुष्कळ बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष) गाड्यांत ही जाळी मफलर सोडून इंजिनच्या जवळ, बेंड पाईपमध्येच असते. हे सगळं एकदा स्वतःच्या हाताने उघडून पाहिलं की कंपनीच्या इंजिनिअरने किती विचार केलाय ते कळतं, आणि बिनविचारात ग्राइंडर चालवायचा मोह कमी होतो.

गॅरेजमध्ये एक वाक्य सारखं कानावर येईल: "इंजिनला बॅक प्रेशर लागतंच." म्हणजे बाहेर जाणाऱ्या गॅसला सायलेन्सरचा उलटा दाब हवाच. हे तसंच पाठ करू नका. इंजिनला दाब नको असतो, गॅसचा वेग हवा असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाईपमधून धावत जाते आणि पाईपची रुंदी बदलते तिथून उलटी फिरते. ती लाट वेळेवर परत आली तर जळालेला गॅस बाहेर ओढायला मदत करते. चुकीच्या वेळी आली तर नवा चार्ज, म्हणजे आत येणारं हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण, बिघडवते. फार रुंद आणि मोकळा पाईप लावला की खालच्या आरपीएमला वेग पडतो, लाटांचा हिशोब बिघडतो आणि गाडीचा खालचा पिकअप जातो. लोक म्हणतात बॅक प्रेशर गेलं. कारण वेगळं असतं, आणि कारण माहीत असेल तरच उपाय सापडतो.

आता कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. गाडी इंजेक्शनची असली तरी शिकताना कार्बोरेटरच उघडा, कारण तिथे प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते. साध्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये थ्रॉटल बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) आणि त्याचा स्क्रू यांचं राज्य. पाव उघडेपर्यंत स्लाइडच्या कापाचं, पावपासून पाऊणपर्यंत सुईचं आणि त्यापुढे मेन जेटचं. सीमारेषा काटेकोर नाहीत, एकाचा परिणाम दुसऱ्यात मिसळतो. मुठीवर कागदी टेपची खूण करा, म्हणजे गाडी नेमकी कुठे अडखळते ते कळेल. "मिसिंग मारते" एवढ्यावर जेट बदलायला बसू नका. किती थ्रॉटलला, किती आरपीएमला, गरम की थंड इंजिनवर, हे गिऱ्हाइकाला विचारा.

स्क्रूच्या बाबतीत नवे हात हमखास गोंधळतात. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या मिककार्ब कार्बोरेटरवर स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि तो हवा सोडतो. बाहेर काढला की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. नंतरच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सीव्ही कार्बोरेटरवर स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि तो मिश्रण सोडतो. बाहेर काढला की रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. त्यामुळे आधी स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघा, मग पेचकस लावा. जेटचंही तसंच. केहिन कंपनीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो: 110 म्हणजे 1.10 मिलिमीटर. तो 115 केला तर फरक मिलिमीटरच्या अर्ध्या दशांशाचा वाटतो, पण भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्क्यांहून जास्त वाढतं. म्हणून पितळी जेटमध्ये तार किंवा ड्रिल घालून भोक मोठं करायचं नाही. आकडा 110 चा आणि भोक भलतंच, असा जेट पुढच्या मिस्त्रीची सगळी गणितं चुकवतो.

याचं उदाहरण एका 350 च्या बुलेटमध्ये मिळालं. मालकाने आधी कुठेतरी पंजाबी सायलेन्सर, म्हणजे मोकळा, मोठ्या आवाजाचा, बसवला होता. पोलिसांनी पकडल्यावर मूळचा परत लावला, तरी गाडी थ्रॉटल सोडला की फटाके मारायची.

"दादा, कंपनीचा सायलेन्सर लावूनही फटाके कसे?"

"ॲव्हरेज किती देते?"

"ते तर पार पडलंय."

प्लग काढला तर काजळीने काळा ठिक्कर. म्हणजे पेट्रोल जास्त. पण नुसत्या जास्त पेट्रोलने फटाके वाजत नाहीत, पाईपमध्ये कुठून तरी हवाही शिरायला लागते. थंड इंजिन सुरू करून बेंड पाईप इंजिनच्या डोक्याला (सिलिंडर हेडला) जिथे बसतो तिथे साबणाचं पाणी लावलं आणि मागे सायलेन्सरच्या तोंडाशी फडकं क्षणभर धरलं. जोडावर लगेच बुडबुडे आले. सायलेन्सर काढ-घाल करताना गॅस्केटची रिंग जुनीच दाबून बसवली होती. नवी रिंग घातल्यावर फटाके थांबले. मग कार्बोरेटर उघडला: मेन जेट ड्रिल केलेला, मोकळ्या सायलेन्सरसाठी. तो बदलून मूळ आकड्याचा घातला, स्क्रू लावला, प्लग नवा टाकला. थोड्या दिवसांनी पाहिला तर फिकट तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर. क्रम लक्षात घ्या: आधी गळती, मग एअर फिल्टर, टॅपेटचं अंतर, प्लग, आणि सगळं ठीक असेल तेव्हाच जेट. ज्या गाड्यांत एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी वेगळी नळी आणि व्हॉल्व्ह असतो, तिथे तो व्हॉल्व्हही तपासा.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बाजारातल्या जवळपास सगळ्या नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या. इथे एक गैरसमज जोरात आहे: ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, सगळं आपोआप जुळवून घेतो. अर्धं खरं आहे. सावकाश आणि एकसारख्या वेगात ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतो आणि मिश्रण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल याच्या आसपास ठेवतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की तो सेन्सरकडे बघणं सोडतो आणि आत लिहिलेल्या मॅपवर, म्हणजे कुठे किती पेट्रोल सोडायचं याच्या तक्त्यावर, चालतो. किती हवा आत येते हे मोजणारा सेन्सर बहुतेक बाईकना नसतो; थ्रॉटल, आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब यांवरून अंदाज बांधलेला असतो आणि तो कंपनीच्या सायलेन्सरसाठीच असतो. मोकळा सायलेन्सर लावला की नेमकं जिथे इंजिनवर सगळ्यात जास्त ताण असतो तिथे मिश्रण लीन होतं. उष्णता वाढते, नॉकिंग होतं (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकतं), व्हॉल्व्ह जळतो, वाईट झालं तर पिस्टनला भोक पडतं. ताकदीसाठी पूर्ण थ्रॉटलला मिश्रण साधारण 12.5 ते 13 लागतं. ते कानाने कळत नाही. मिश्रणाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लागतो, त्यासाठी पाईपला एम-18 चा बंग (सेन्सर बसवायची आटेदार रिंग) आर्गॉनने वेल्ड करावा लागतो, आणि मग पिगीबॅक युनिटने (ईसीयूला जोडायचा जादा डबा) किंवा ईसीयूचा मॅप बदलून एकेक खाना भरावा लागतो. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक या कामात पुष्कळ वापरलं जातं.

इथेच पेट्रोल आणि हवामानही धरा. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी हवा कमी लागते, प्रमाण साडेतेराच्या जवळ येतं. जुना जेट त्यावर आपोआप थोडा लीन पडतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्के विरळ. इथे अगदी काठावर लावलेला कार्बोरेटर घाट उतरून गोव्याला गेला की लीन होतो. म्हणून काठावर लावू नका, थोडा रिचकडे झुकता ठेवा.

कायदा नीट वाचून ठेवा, कारण शेवटी दंड गिऱ्हाइकाला आणि बदनामी तुम्हाला. 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलला चाचणीत 80 डेसिबलची मर्यादा आहे, 80 ते 175 ला 77. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज-प्रदूषणाचं कलम 190 वेगळं, त्यात 10,000 पर्यंत दंड आणि लायसन्सही तीन महिने जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रात्री दवाखान्यासमोरून जाणाऱ्या त्या गाडीचा आवाज खरंच कुणाला तरी त्रास देतो. मी रस्त्यावरच्या गाडीचा सायलेन्सर उघडत नाही आणि जाळी काढत नाही, हे गिऱ्हाइकाला दारातच सांगतो. मोकळा सायलेन्सर आणि मॅपिंग फक्त ट्रॅकच्या गाडीला. काही गिऱ्हाइकं जातात. जी राहतात ती वर्षानुवर्षं राहतात.

मग पोट कसं भरतं? बिघडवलेल्या गाड्या मूळ ट्यूनवर आणणं हेच मोठं काम आहे आणि ते नीट करणारे हात कमी आहेत. मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा आयटीआय किंवा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करा, मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला अप्रेंटिस म्हणून राहा. तिथे टॉर्क रेंच आणि स्कॅनर रोज हातात येतो, सर्व्हिस मॅन्युअल वाचायची सवय लागते. ट्रॅकची ओढ असेल तर कोइम्बतूरचं करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईचा ट्रॅक इथे मोसमात राष्ट्रीय शर्यती होतात. टीमला टायर बदलायला, इंधन मोजायला मदतनीस लागतात. पहिल्या मोसमात तुम्हाला ईसीयूला कुणी हात लावू देणार नाही. उभं राहून बघा, प्रत्येक सेशननंतर काय बदललं ते वहीत लिहा: हवेचं तापमान, जेट किंवा मॅपचा आकडा, प्लगचा रंग, रायडर काय म्हणाला.

हत्यारांवर एकदम पैसे घालू नका. चांगला मल्टिमीटर, फीलर गेज, टॉर्क रेंच आणि इंधनाचा दाब मोजायचं गेज आधी घ्या; बहुतेक इंजेक्शनच्या बाईकवर तो तीन बारच्या आसपास दिसायला हवा, आणि नसेल तर मॅपला हात लावायच्या आधी पंप आणि फिल्टर बघायचा. वाइडबँड त्यानंतर. बंद शटरच्या आत इंजिन चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वेल्डिंग करायचं तर पाईप गाडीवरून उतरवून, टाकीपासून लांब नेऊनच करा.