संग्रहालये पाहायला निघालात? या चुका टाळा

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की जळगाव-भुसावळच्या फलाटांवरून सहलीचे गट देशभर निघतात. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत एखादे वस्तुसंग्रहालय किंवा कलादालन असतेच, पण ते बसवलेले असते दोन मंदिरांच्या मधल्या वेळेत, नाहीतर जेवण आणि परतीची गाडी यांच्या मधल्या तासाभरात. पुढच्या बहुतेक चुका या एकाच चुकीतून निघतात. संग्रहालयात उरलेला वेळ घालवायला जायचे नसते. तिथल्या एक-दोन वस्तूंसाठी, आधी ठरवून, ताज्या डोळ्यांनी आणि भरल्या पोटी जायचे असते. हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे आणि दर हंगामात तेच गोंधळ पुन्हा पाहतो आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

वार न पाहता तिकिटे काढणे

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील काही कुटुंबांनी मिळून आग्रा, मथुरा आणि दिल्ली अशी सहल ठरवली. आखणी एका उत्साही तरुणाने मोबाइलवर एका बैठकीत उरकली. आरक्षण ज्या दिवसांचे मिळाले त्या दिवसांवर स्थळे बसवून तो मोकळा झाला. शुक्रवारी सकाळी मंडळी आग्र्याला उतरली आणि ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, हे त्यांना रिक्षावाल्याकडून कळले. शनिवार-रविवार मथुरा-वृंदावनात गेले. सोमवारी दिल्ली. लाल किल्ला सोमवारी बंद, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद आणि जनपथावरचे राष्ट्रीय संग्रहालयही सोमवारीच बंद.

मी तेव्हा कामानिमित्त दिल्लीत होतो, म्हणून त्यांनी मला तिथे बोलावून घेतले. मी पोहोचलो तेव्हा गटातले निवृत्त चित्रकला शिक्षक फाटकाच्या सळईला धरून आतल्या आवाराकडे पाहत उभे होते. याच संग्रहालयात असलेली मोहेंजोदडोची नर्तिका, ती छोटी कांस्यमूर्ती, हे गुरुजी आयुष्यभर फळ्यावर काढून मुलांना दाखवत आले होते आणि ती एकदा प्रत्यक्ष पाहावी, एवढ्याच इच्छेने सहलीला आले होते. “आते काय करानं, भाऊ?” त्यांनी मला विचारले. परतीची गाडी त्याच संध्याकाळची असल्यामुळे करण्यासारखे काही उरलेच नव्हते. आखणी करणारा मुलगा मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होता, “पण मामा, मोबाइलवर तर उघडं दाखवत होतं!” मला त्याचा राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही, कारण एका फोनने जे काम झाले असते ते त्याने टाळले आणि त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागली.

प्रत्येक ठिकाणची साप्ताहिक सुटी वेगळी असते, ही गोष्ट लोक लक्षातच घेत नाहीत. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, चेन्नईचे एग्मोरचे सरकारी संग्रहालय आणि सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. आपल्या दारातले उदाहरण तर सगळ्यांत बोलके आहे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, त्यामुळे जो पाहुणा सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असा बेत करतो त्याचे दोन्ही दिवस वाया जातात. तोच बेत उलटा केला असता तर दोन्ही लेणी पाहून झाली असती.

माझी सवय अशी आहे की आरक्षण करण्यापूर्वी मी वहीत आठवड्याचे सात वार लिहितो आणि प्रत्येक वारासमोर त्या दिवशी काय बंद आहे ते मांडतो. निघण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालयाला फोन करून दोन प्रश्न विचारतो: उद्या उघडे आहे का, आणि मला हवे असलेले दालन उघडे आहे का. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण इमारत उघडी असूनही नेमके आपले दालन दुरुस्तीसाठी बंद असणे ही नित्याची गोष्ट आहे. लघुचित्रे आणि वस्त्रे यांना तर प्रकाश सोसत नाही, म्हणून ती काही महिने मांडून पुन्हा अंधारात ठेवली जातात. अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयासारख्या ठिकाणी आधी नोंदणी केल्याशिवाय जाऊच नये.

वस्तू कुठे आहे हे न तपासणे

दीदारगंजची यक्षी ही प्रसिद्ध प्राचीन दगडी मूर्ती 1917 साली पाटण्यात गंगेकाठी सापडली आणि अनेक दशके पाटणा संग्रहालयात होती. 2017 पासून ती त्याच शहरातल्या बिहार संग्रहालयात आहे. जुनी पुस्तके वाचून जाणारे अजूनही जुन्याच इमारतीची वाट धरतात. मोहेंजोदडोचा ‘पुरोहित राजा’ दिल्लीत शोधणारेही मला भेटले आहेत. ती मूर्ती कराचीत आहे.

अंधारात शिरल्याबरोबर “काही दिसत नाही” म्हणणे

अजिंठ्याला जाणाऱ्या बहुतेकांची गाडी जळगावला थांबते आणि तिथून लेणी साधारण साठ किलोमीटरवर आहेत, त्यामुळे ही चूक आम्हा खान्देशातल्या लोकांना यजमान म्हणून सतत पाहावी लागते. अजिंठा हे आपल्या देशातले सर्वांत जुने चित्रदालन आहे असेच मी मानतो, आणि त्याच्याइतकी घाई दुसऱ्या कोणत्याही दालनात झालेली मी पाहिलेली नाही. पाहुणे भर उन्हातून पायऱ्या चढून घामाघूम होऊन पहिल्या लेण्यात शिरतात, आत दोन मिनिटे मान फिरवतात, मोबाइलच्या पडद्यावर काही उमटते का ते पाहतात आणि बाहेर येऊन म्हणतात की सगळे काळवंडून गेले आहे.

काळवंडलेले बरेच आहे, हे खरे. परंतु उन्हातून आलेल्या डोळ्याला अंधारात सावरायला निदान दहा मिनिटे लागतात आणि पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे जातात. तेवढ्यात मोबाइलचा पडदा एकदा जरी उजळला तरी बराचसा कमावलेला सराव निघून जातो. म्हणून मी पाहुण्यांना आधीच सांगतो की मोबाइल पिशवीत ठेवा, पहिली दहा मिनिटे भिंतीकडे पाहूच नका, खांबांकडे आणि छताकडे पाहत शांत उभे राहा, आणि मगच गर्भगृहाच्या दाराकडे चला. दाराच्या डाव्या हाताला बोधिसत्त्व पद्मपाणीचे चित्र आहे. आधी त्याचा मुकुट दिसतो, मग झुकलेल्या पापण्या, मग हातातले निळसर कमळ आणि शेवटी त्याच्याभोवतीची माणसे एकेक करून भिंतीतून पुढे येतात. मार्गदर्शकाने दिवा दाखवला तर त्या उजेडात अवश्य पाहावे, पण तो विझल्यावरही थांबावे. गर्दीच्या दिवशी आत फार वेळ थांबू देत नाहीत. अशा वेळी रांगेत सावलीला उभे राहून थोडा वेळ डोळे मिटून घ्यावेत आणि गर्दी ओसरल्यावर दुसऱ्यांदा आत जावे.

मेजर रॉबर्ट गिल हा चित्रकार 1844 पासून वर्षानुवर्षे इथे बसून या चित्रांच्या नकला करत होता. त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या आणि तो पुन्हा कामाला लागला. 1879 मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. ज्या भिंतींपुढे एका माणसाने आपले आयुष्य घालवले, त्यांच्यासमोर आपल्याला वीस मिनिटेही निघत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फ्लॅश तर मारूच नये. प्रकाशाने रंगांची होणारी हानी साठत जाते आणि ती भरून काढता येत नाही. पहारेकऱ्याची पाठ फिरल्यामुळे त्यात काही फरक पडत नाही.

सगळे पाहून टाकण्याचा हट्ट

सालारजंग संग्रहालयात दर तासाला प्रसिद्ध घड्याळाचे ठोके पडतात आणि आतून निघालेला छोटा पुतळा घंटा वाजवतो. त्यासाठी गर्दी जमते, ठोके झाले की ती पांगते आणि उरलेली दालने चालत्या पायांनी संपवते. संध्याकाळी विचारले तर घड्याळाखेरीज कोणाला काही सांगता येत नाही. त्याच इमारतीत बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराने घडवलेली बुरख्यातली रिबेका ही बायबलमधल्या स्त्रीची मूर्ती आहे, हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1876 साली रोमहून आणलेली. संगमरवरावरचा पदर ओला असल्यासारखा चेहऱ्याला चिकटलेला आहे आणि त्यामागे नाक, ओठ, मिटल्यासारख्या पापण्या स्पष्ट कळतात. प्रथम समोरून पाहावे, मग बाजूला सरकून जिथून प्रकाश तिरपा पडतो तिथून पाहावे. पदर कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो हे तेव्हाच नीट समजते. याला दहा मिनिटे लागतात, आणि ती तिथल्या दहा दालनांच्या धावपळीपेक्षा मोलाची आहेत.

मी एका भेटीत तीनच वस्तू निवडतो आणि त्यांची छायाचित्रे व मापे घरीच पाहून जातो. मापे पाहणे अगदी आवश्यक आहे. गुरुजींची ती नर्तिका केवळ 10.5 सेंटिमीटर उंच, म्हणजे जेमतेम अर्धी वीत आहे, आणि पुस्तकातले पानभर चित्र डोक्यात ठेवून शोधणारे लोक तिच्या काचेसमोरून न थांबता पुढे गेलेले मी पाहिले आहेत. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला आणि उजवा कमरेवर, हे पाहायला काचेजवळ वाकावे लागते.

आधी वस्तू पाहावी आणि मग फलक वाचावा; उलट केले तर वाचलेलेच तेवढे दिसते. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, म्हणून पैसे, ओळखपत्र आणि चष्मा अंगावरच ठेवावा. लहान मुलांना दीड तासापेक्षा जास्त वेळ आत ठेवू नये.

घराजवळचे वगळणे

दिल्ली-हैदराबाद पालथे घालणाऱ्या कित्येकांनी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळाचे संग्रहालय पाहिलेले नसते, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 साली ज्या शहरात वारले, त्याच शहरात त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. चाळीसगावला स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचे घर आहे. घरगुती वस्तू टेबलावर मांडून, दिव्याच्या उजेडात त्यांनी काढलेली छायाचित्रे पाहिली की मांडणी आणि प्रकाश म्हणजे काय हे उमगते, आणि मग मोठ्या दालनातली चित्रेही निराळी दिसू लागतात. अशा लहान ठिकाणी मनुष्यबळ कमी असते, म्हणून आदल्या दिवशी कळवून जावे, दाखवणाऱ्याला बोलू द्यावे आणि पुढच्या गाडीचे आरक्षण किमान तीन तासांनंतरचे ठेवावे.