एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे कशी चालवावीत

कोल्हापुरातील चप्पल किंवा गुळाच्या व्यापाऱ्यांची संकेतस्थळे चालवून देण्याचा व्यवसाय ज्यांना सुरू करायचा आहे, त्यांनी सर्व्हर (संकेतस्थळे साठवून मागणाऱ्याला पुरवणारा संगणक) शाहूपुरीतल्या आपल्या गाळ्यात न ठेवता डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावा, कारण तेथे वीज आणि इंटरनेट या दोहोंची पर्यायी सोय असते. ग्राहक मुख्यतः महाराष्ट्रातील असतील तर मुंबईची जागा योग्य ठरते. काचतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जात असला, तरी अमेरिकेतील सर्व्हरपर्यंतची प्रत्येक फेरी जाणवण्याइतकी लांबते आणि एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात.

सर्व्हरवर उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अद्यतने मिळणारी, आवृत्ती बसवावी. फायरवॉलमध्ये, म्हणजे नको असलेल्या जोडण्या अडवणाऱ्या व्यवस्थेत, २२ (दूरून लॉगिनसाठी), ८० आणि ४४३ (संकेतस्थळांसाठी) एवढेच पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांकित मार्ग, उघडे ठेवावेत. एसएसएच की (दूरून सुरक्षित लॉगिनसाठी पासवर्डऐवजी वापरायची फाइल) वापरून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होत असल्याची खात्री झाल्यावरच पासवर्डचे लॉगिन बंद करावे; हा क्रम चुकला तर आपणच बाहेर अडकतो.

त्यानंतर एनजिनएक्स हे संकेतस्थळांची पाने पुरवणारे सॉफ्टवेअर बसवावे. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत संकेतस्थळाचे नाव पाठवतो, म्हणून एकाच आयपी पत्त्यावर पन्नास दुकानेही मांडता येतात. प्रत्येकासाठी एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये स्वतंत्र सर्व्हर ब्लॉक, म्हणजे त्या संकेतस्थळापुरता भाग, लिहायचा असतो. मात्र येथेच बहुतेक जण घाई करतात आणि सर्व संकेतस्थळे सर्व्हरवरील एकाच युजरखाली (खात्याखाली) चालवतात. मग एखाद्या दुकानाच्या वर्डप्रेसमधील (संकेतस्थळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधील) जुन्या प्लगइनमधून (जोड-सॉफ्टवेअरमधून) कोणी आत शिरला, तर त्याला शेजारच्या सर्व दुकानांच्या फाइल्स उघड्याच सापडतात. म्हणून प्रत्येक ग्राहकाला वेगळा युजर, वेगळा पीएचपी-एफपीएम पूल (संकेतस्थळाचा पीएचपी कोड चालवणाऱ्या प्रक्रियांचा गट) आणि वेगळा डेटाबेस द्यावा. यात मेहनत वाढते, पण माझ्या मते याबाबत तडजोड करूच नये.

जुने संकेतस्थळ हलवायचे असल्यास डीएनएसमधील (संकेतस्थळाचे नाव आयपी पत्त्याशी जोडणाऱ्या नोंदींमधील) टीटीएल, म्हणजे इतरांनी नोंद किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत, आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणावा आणि दुसऱ्या दिवशी नावाचा आयपी पत्ता सांगणारा ए रेकॉर्ड बदलावा. नाव नव्या पत्त्याकडे वळल्यावर सर्टबॉट या साधनाने लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे सुरक्षित (https) जोडणीसाठीचे प्रमाणपत्र घ्यावे. त्याची मुदत सध्या ९० दिवसांची असल्याने ते आपोआप नूतनीकृत होते की नाही, याची चाचणी त्याच दिवशी घ्यावी.

बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवावा. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि २०२१ मध्येही पंचगंगेने शहराला वेढले, हे पाहिलेल्या माणसाला याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइल्स तशाच उचलल्या तर प्रत अर्धवट निघण्याची शक्यता असते, म्हणून आधी डम्प, म्हणजे डेटाबेसमधील माहितीची एकसंध प्रत, काढावा. दर महिन्याला एक बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर पूर्ण उतरवून पाहावा, त्यास किती मिनिटे लागली याची नोंद करावी आणि दुकान पुन्हा उघडण्यास तेवढा वेळ लागेल, असे ग्राहकाला करार करतानाच लेखी द्यावे.