कांदा गोल नसतो : डिझाइनचा पहिला प्रकल्पविषय घेणाऱ्यांसाठी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019च्या अभ्यासक्रमापासून अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी 'प्रकल्पाधारित अध्ययन' हा विषय आला, आणि त्या अभ्यासक्रमात यांत्रिकी शाखेत तो दुसऱ्या वर्षी अधिक गांभीर्याने पुढे चालत असे. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात हा विषय केला आणि सध्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या डिझाइन विभागात काम करते. दर वर्षी डिसेंबरच्या सुमारास ओळखीतली मुले-मुली विचारतात की या विषयात नेमके काय असते, पुस्तक कोणते वापरायचे आणि 'टॉपिक' कोणता घ्यायचा. या तीन प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न फार घाईने विचारला जातो असे माझे मत आहे, आणि ते मत कसे बनले हे सांगण्यासाठी मला आमच्या गटाचा प्रकल्प सविस्तर सांगावा लागेल.

आमच्या गटात चौघे होतो. गटातल्या एकाचे गाव निफाड तालुक्यात, घरी कांदा, त्यामुळे विषय पहिल्याच बैठकीत ठरला : कांद्याची आकारानुसार प्रतवारी करणारे यंत्र. गाइड मॅडमनी विचारले, "हे यंत्र हवे आहे असे तुम्हाला कोणी सांगितले?" आम्ही लासलगावच्या बाजार समितीत चांगल्या मालाचे आणि गोल्टीचे, म्हणजे बारीक कांद्याचे, भाव वेगळे निघतात हे सांगितले. ते खरेही आहे, परंतु मॅडमच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. त्यांनी आम्हाला थांबवले नाही, फक्त पुढच्या आठवड्यात शेतावर जाऊन या आणि जे दिसेल ते वहीत लिहा असे सांगितले.

इथे नवख्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. इतर विषयांत गणित दिलेले असते आणि उत्तर एकच असते. बीमवरचा भार, त्याची लांबी आणि आधार सांगितलेले असतात, आपण बेंडिंग मोमेंट, म्हणजे भार बीमला किती वाकवू पाहतो ते, काढतो. प्रकल्पविषयात भार किती धरायचा हे तुम्हालाच ठरवायचे असते आणि तो तेवढाच का धरला याचे कारणही तुम्हालाच द्यायचे असते. पहिले तीन-चार आठवडे त्यामुळे हातात काहीच नाही असे वाटते, शेजारच्या गटाचे संगणकावरचे कॅड मॉडेल तयार झालेले दिसते आणि जीव कासावीस होतो. ही अवस्था जवळजवळ प्रत्येकाला येते, आणि तिला घाबरून संगणकावर चित्र काढायला बसणे ही या विषयातली सर्वांत महाग पडणारी घाई आहे.

आम्ही ती घाई केली. जानेवारीत शेतावर एकच फेरी मारली, दुपारी दोन तास थांबलो, शंभर कांदे निवडून व्हर्नियरने मोजले आणि परतलो. मोजणी मात्र चांगली झाली होती. प्रत्येक कांद्याचे दोन व्यास घेतले, एक आडवा आणि एक देठापासून मुळापर्यंतचा उभा. काही कांद्यांमध्ये या दोन मापांत आठ-दहा मिलिमीटरचा फरक निघाला, आणि जोडकांद्याला तर कोणते माप व्यास म्हणायचे हेच कळेना. कागदावर आम्ही कांदा 50 मिलिमीटरचा गोळा धरला होता. दोन फिरत्या रोलरमधली फट हळूहळू रुंद होत जाईल आणि ज्या ठिकाणी फट कांद्याएवढी होईल तिथे तो खाली पडेल, अशी आमची कल्पना होती. गोळ्यासाठी ती बिनचूक चालते. लांबोडका कांदा मात्र कधी उभा पडतो, कधी आडवा, आणि तोच कांदा दोन वेळा सोडला तर दोन वेगळ्या कप्प्यांत जातो. मोजलेल्या आकड्यांत हे सगळे होते, पण आम्ही त्यांची सरासरी काढून टाकली आणि पुढे गेलो. सरासरी काढण्याआधी प्रत्येक नोंदीकडे बघण्याची सवय तेव्हा लागली असती तर पुढचा महिना वाचला असता.

चौथ्या आठवड्यात संकल्पना निवडायची असते. त्यासाठी स्टुअर्ट प्यू या ब्रिटिश अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा तुलनातक्ता वापरतात : एक पर्याय आधार मानायचा आणि बाकीचे पर्याय प्रत्येक निकषावर त्याहून बरे, वाईट की सारखे हे अधिक, उणे आणि शून्य या चिन्हांनी मांडायचे. तक्ता चांगला आहे, पण निकष आपणच लिहितो हे लक्षात ठेवावे. आमच्या निकषांत ताशी किती किलो, खर्च, वजन आणि देखभाल हे होते. कांदा निवडणाऱ्या माणसाचा त्यात एकही निकष नव्हता. आवडती संकल्पना तक्त्यात पहिली आली याचे आम्हाला तेव्हा समाधान वाटले.

मग वर्कशॉप. या टप्प्याबद्दल वर्गात फारसे सांगितले जात नाही म्हणून जरा तपशिलात सांगते. आमच्या रोलरच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, 6204 क्रमांकाचे बेअरिंग बसणार होते. त्याचा आतला व्यास 20 मिलिमीटर, बाहेरचा 47 आणि रुंदी 14. ड्रॉइंगवर मी शाफ्टच्या टोकाला नुसते '20' लिहिले. लेथवर काम करणाऱ्या मामांनी ते 20 धरून केले आणि माप 19.92 आले. लिहिलेल्या मापाला टॉलरन्सच, म्हणजे किती कमी-जास्त चालेल याची मर्यादाच, नव्हता, म्हणजे त्यांची काहीच चूक नव्हती. बेअरिंग शाफ्टवर हाताने सरकत होते आणि रोलर फिरताना शाफ्ट आतल्या रिंगमध्ये घसरत होता. अशा ठिकाणी k6 बसणी (शाफ्ट किती घट्ट बसावा याचा एक प्रमाणित वर्ग) देतात, म्हणजे 20 मिलिमीटरच्या शाफ्टला माप 20.002 ते 20.015च्या दरम्यान ठेवायचे, हे आम्ही आधीच्या सत्रात शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलेही होते. पण बसणींचा तो तक्ता आपल्या ड्रॉइंगवर लागू होतो हे त्या दिवशी, सैल बेअरिंग बोटांत फिरवताना कळले. मामांनी दुसरा तुकडा लावला आणि या वेळी मायक्रोमीटर माझ्या हातात देऊन प्रत्येक कापानंतर मोजायला लावले. त्यांनी माझ्यासाठी घालवलेल्या त्या दीड तासाबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. वर्कशॉपमधल्या माणसांकडे ड्रॉइंग पूर्ण झाल्यावर जाऊ नका. ते पेन्सिलीने काढलेले असतानाच जा, आणि 'हे कसे धराल, कुठून कापाल' असे विचारा.

सामान आणण्याचेही तसेच. चौकोनी पाइप दुकानात पूर्ण लांबीचा मिळतो, कापून हवा असेल तर उरलेला तुकडा कोणाच्या माथी मारायचा हा प्रश्न असतो. बेल्ट हव्या त्या लांबीचा मिळेलच असे नाही. वेल्डिंगवाल्याकडे लग्नसराईच्या आधी गेटच्या कामांची रांग असते. आमचा एक आठवडा केवळ पुलीची वाट पाहण्यात गेला. त्यामुळे बाजारात तयार काय मिळते ते आधी बघून मग माप ठरवावे, हे डिझाइनचेच काम आहे, त्याला 'खरेदी' समजून गटातल्या एकावर ढकलू नये.

आठव्या आठवड्यात यंत्र घेऊन शेतावर गेलो. तोपर्यंत मार्च उजाडला होता. जानेवारीत आम्ही मोजला होता तो रांगडा कांदा, जो फार टिकत नाही आणि लवकर विकला जातो. आता उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली होती, तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठीत, भरायचा होता, आणि खरी निवड चाळ भरण्याआधी होते. म्हणजे आम्ही मोजमाप एका हंगामाच्या मालाचे केले आणि यंत्र दुसऱ्या हंगामाच्या कामाला लावले. उन्हाळ कांद्याचे कोरडे पापुद्रे सुटून रोलरच्या फटीत भरत होते आणि दर दहा मिनिटांनी यंत्र थांबवावे लागत होते.

त्याहून महत्त्वाचे जे दिसले ते यंत्र बंद असताना. ढिगाभोवती सात-आठ बायका बसल्या होत्या. उजव्या हातात विळा, डाव्या हातात कांदा. पात कापतानाच कांदा बोटांत एकदा फिरे आणि तेवढ्यात तो चांगला, गोल्टी की खाद (खराब माल) हे ठरून त्या त्या ढिगात जाई. आकार, मऊपणा, जोडकांदा, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला कांदा), विळ्याचा घाव असे सगळे एका फिरवण्यात पाहून होत होते. आमचे यंत्र यातला फक्त आकार बघत होते, म्हणून त्यातून निघालेला प्रत्येक कांदा पुन्हा कोणाला तरी हातात घ्यावाच लागणार होता. मी एका मावशींना विचारले की या कामात त्रास कशाचा होतो. त्यांनी कांद्याकडे पाहिलेही नाही, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दिवसभर उकिडवं बसायचं, पोरी. संध्याकाळी उठवत नाही."

हा प्रश्न जानेवारीतही तिथेच होता. आम्ही तेव्हा कांदे मोजले आणि कांदे निवडणाऱ्यांशी बोललो नाही.

परतीच्या प्रवासात गटात कडाक्याचे भांडण झाले. दोघांचे म्हणणे होते की उरलेल्या पाच आठवड्यांत आहे तेच यंत्र नीट करावे. पैसे गेले आहेत, रिव्ह्यू जवळ आला आहे. त्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते, आणि तुमच्या गटातही असा दिवस येईल तेव्हा विरोधात बोलणाऱ्याला कामचुकार समजू नका. आमच्यात तोडगा निघाला तो वहीमुळे. मॅडमनी आम्हा चौघांना स्वतंत्रपणे, वहीतल्या नोंदींवरून, 'गरज' एका वाक्यात लिहायला सांगितली. त्या वाक्यात उपायाचे नाव येऊ द्यायचे नाही अशी अट होती. चौघांपैकी तिघांच्या वाक्यात 'वाकणे' किंवा 'बसणे' हा शब्द आला. चौथ्याने, म्हणजे यंत्र ठेवावे असे म्हणणाऱ्या दोघांपैकी एकानेच, नंतर सर्वांत जास्त काम केले.

शेवटी बनले ते एक मोटर नसलेले, उतरते, सळ्यांचे टेबल. सळ्यांमधल्या फटीतून गोल्टी आपोआप खाली पडते, बाकीचे कांदे दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायकांसमोरून घरंगळत जातात आणि त्या खाद व जोडकांदा बाहेर काढतात. उतार किती ठेवायचा हे गणिताने ठरवता आले नाही. एक फळी विटांवर टेकवून, विटा बदलून बदलून, कांदे थांबतही नाहीत आणि उड्याही मारत नाहीत असा कोन शोधला. पात कापण्याचे काम मात्र तसेच बसूनच राहिले. ते आम्हाला जमले नाही, आणि अहवालात आम्ही ते तसेच लिहिले.

गुणांच्या बाबतीत बऱ्याच जणांचा समज असतो की यंत्र चालले तर गुण मिळतात. आमच्याकडे तरी निम्म्याहून अधिक भर रिव्ह्यू, वही आणि निर्णयांची कारणे यांवर होता. म्हणून वहीत पाने क्रमाने, तारखेसह, शाईने लिहावीत. चुकलेले खोडून काढण्याऐवजी त्यावर एक रेघ मारून बाजूला कारण लिहावे. गटातल्या प्रत्येकाने स्वतःची वही ठेवावी, कारण सामाईक वही अखेरीस एकाच्याच अक्षरातली होते. आणि शेतावर, गोठ्यात किंवा गॅरेजमध्ये किमान तीनदा जावे : एकदा फक्त बघायला, एकदा मोजायला आणि एकदा आपले कच्चे मॉडेल, पुठ्ठ्याचे असले तरी, त्यांच्या हातात द्यायला. मुंबईच्या आयआयटीमध्ये 1985पासून असलेल्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचे विद्यार्थी तर काही आठवडे गावातच मुक्काम करतात. आपल्याला एका सत्रात तेवढे शक्य नसते, पण तीन फेऱ्या सहज जमतात.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी गणिताबद्दल एक प्रश्न विचारला आणि मग टेबलाकडे बोट करून म्हणाले, "उंची 78 सेंटिमीटर का? वर्कशॉपचे टेबल तर 90चे असते." मी वहीतले मार्चमधले पान उघडले. त्यावर त्या सात बायकांची उभे राहून मोजलेली कोपराची उंची होती, आणि शेवटच्या ओळीत, सर्वांत बुटक्या मावशींच्या मापापुढे, एक गोल केलेला होता.