मेल प्रमाणपत्राचा इशारा: फोनआधी सर्व्हर तपासा

‘सर्व्हरची ओळख पटवता येत नाही’ असा इशारा फोनवर आला की हेल्पडेस्कवर नव्याने रुजू झालेली व्यक्ती बहुधा आधी मेलचे खाते काढून पुन्हा जोडते. त्यात पासवर्ड विसरलेला वापरकर्ता अधिकच अडचणीत येतो आणि इशारा जिथल्या तिथे राहतो, कारण खोट सहसा फोनमध्ये नसतेच. सेटिंगमध्ये लिहिलेले होस्टनेम (सर्व्हरचे नाव) प्रमाणपत्रातील, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यातील, पर्यायी नावांच्या यादीत आहे की नाही, हे फोन पडताळतो. आयओएस १३ पासून तर ही यादी नसलेले प्रमाणपत्र आयफोन मान्यच करत नाही.

शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहक असतात तिथे, हा घोळ सर्वाधिक दिसतो. ग्राहकाच्या डोमेनचे ‘मेल’ हे उपनाव होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरकडे वळवलेले असते, पण प्रमाणपत्र त्या सर्व्हरच्या स्वतःच्या नावाचे असते. अशा वेळी फोनमध्ये सर्व्हरचे मूळ नाव घालावे किंवा ग्राहकाचे नाव प्रमाणपत्रात समाविष्ट करून घ्यावे. वाइल्डकार्ड प्रमाणपत्र (डोमेनच्या सगळ्या उपनावांसाठी एकच) असले, तरी ते उपनावाची एकच पातळी झाकते, हे विसरू नये.

माझ्याकडे आलेल्या एका तक्रारीत मेल येत होती, मात्र पाठवताना इशारा दिसत होता. ओपनएसएसएल या प्रमाणपत्रे तपासण्याच्या साधनातील ‘एस क्लायंट’ या आज्ञेने येणाऱ्या मेलचे पोर्ट ९९३ तपासले, तर तिथले प्रमाणपत्र निर्दोष निघाले. जाणाऱ्या मेलच्या पोर्ट ५८७ वर स्टार्टटीएलएसचा (साधी जोडणी एन्क्रिप्टेड करण्याचा) पर्याय देऊन पाहिले, तेव्हा मशीनच्या अंतर्गत नावाचे, स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र समोर आले. येणारी मेल देणाऱ्या डोव्हकॉट या प्रोग्रॅमला नवे प्रमाणपत्र दिलेले होते, परंतु मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये जुन्याच फाइलचा पत्ता राहिला होता. म्हणूनच येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे पोर्ट नेहमी वेगवेगळे तपासावेत; वापरकर्ता ‘मेल चालू आहे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा फक्त येणारी मेल असते.

इशाऱ्यावरचे ‘पुढे चला’ हे बटण दाबायला सांगणे मला साफ नापसंत आहे. पडताळणी न झालेल्या सर्व्हरच्या हाती पासवर्ड देणे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

नाव जुळत असूनही अँड्रॉइडवर प्रमाणपत्र अविश्वसनीय ठरत असेल आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये तेच चालत असेल, तर मधले प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरच्या प्रमाणपत्राला फोनच्या विश्वासातल्या मूळ प्रमाणपत्राशी जोडणारा दुवा, सर्व्हर पाठवत नसल्याची शंका घ्यावी. अनेक ब्राउझर ते स्वतः मिळवून घेतात, अँड्रॉइड सहसा तसे करत नाही. तेव्हा सर्व्हरच्या फाइलमध्ये आधी सर्व्हरचे आणि त्याखाली मधले प्रमाणपत्र ठेवून सेवा रीलोड करावी लागते.